गेलिंदोचे उलटे आटे

आमच्याकडे एखाद्याने शर्यती सोडल्या की म्हणतात, त्याने सायकल खिळ्याला टांगली. हे नुसतं म्हणायचं असतं. खरी सायकल पुतण्याकडे जाते, नाहीतर भंगारात. गेलिंदोची मात्र खरोखरच खिळ्याला टांगलेली होती. तो खिळा त्याच्या सासऱ्याने स्वतःच्या हाताने ठोकला होता, साखरपुड्याच्या दिवशी, कोंबड्यांच्या जुन्या शेडमध्ये. ठोकता ठोकता म्हातारा म्हणाला होता, "पोरा, माझी झाइरा हवी ना? मग ही वर, आणि तू अंड्यांच्या टेम्पोवर." मी तिथे हजर होतो. फुकटची वाईन होती, मी नसणार कसा?

माझं काम तेव्हा भोंग्याचं. शर्यतीच्या दिवशी देवळाच्या पायऱ्यांवर उभं राहायचं आणि कर्ण्यातून कोण पुढे, कोण मागे, कोणाची आई कोणाला शिव्या देतेय हे साऱ्या गावाला ऐकवायचं. कर्णा केव्हाच गंजून गेला. सवय राहिली, आणि 'भोंग्या' हे नावही राहिलं.

गेलिंदोला मी 'बोका' म्हणायचो. माणूस बुटका, खांद्याने रुंद. पण सायकलवर बसला की आळस देणाऱ्या बोक्यासारखा लांबच लांब पसरायचा. हात पार पुढे, पाठ सपाट, हनुवटी हँडलवर टेकायला आलेली. दुसरा कोणीच तसा बसत नसे. वळणावर तो दिसला की मी कर्ण्यात ओरडायचो, "आला, बोका आला!" आणि बायका खिडक्या उघडायच्या. झाइरानेही तशीच एक खिडकी उघडली होती, पण ते तिच्यासमोर बोलू नका.

त्याची सायकल उस्ताद आत्तिल्योने बनवलेली. घंटाघराखालच्या बोळात उस्तादांचं दुकान होतं. पैसे घेऊन गेलात म्हणजे सायकल मिळेल असं तिथे नव्हतं. डॉक्टरांच्या मुलाला उस्तादांनी पायांकडे बघून परत पाठवला होता. म्हणाले, "याला गाढव पुरेल." ज्याला हो म्हणत त्याला अनवाणी, चड्डीवर, दारात उभा करत आणि रस्त्यावरच्या लोकांदेखत सुतळीने मापत. टाचेपासून जांघेपर्यंत एक गाठ, कमरेपासून खांद्यापर्यंत एक गाठ, दंडापासून मुठीपर्यंत एक. मग ती सुतळी छताला टांगायची, आणि पोराने अख्खा हिवाळा वाट बघायची. गेलिंदोला मापलं आणि महिना उलटायच्या आत निळी सायकल दारात. "माझ्यावर जीव होता उस्तादांचा," तो म्हणायचा.

जीव असल्याचा त्याच्याकडे आणखी एक पुरावा होता. दोन पायडलांना जोडणारा दांडा सायकलच्या पोटातल्या एका नळीतून जातो. त्या नळीच्या दोन्ही तोंडांना आट्यांचे कप आवळून बसवलेले असतात. आमच्या देशातल्या सायकलींचा चेनच्या बाजूचा कप म्हणजे हंगामाची कटकट. पायडल मारून मारून आपोआप सैल होतो, कुरकुरतो, ऐन चढावर डुगडुगतो. गावातली सगळी पोरं दर रविवारी सकाळी पाना घेऊन तो आवळत बसलेली असायची. गेलिंदोचा कधी सैल झालाच नाही. "उस्तादांचा हात!" तो म्हणायचा आणि कॉलर नसलेल्या बनियनची कॉलर ताठ करायचा. आम्पेलियोही म्हणायचा की माझाही सैल होत नाही. पण आम्पेलियोला विचाराल तर त्याच्या आयुष्यात कधीच काही सैल झालेलं नाही.

हा आम्पेलियो म्हणजे गेलिंदोच्याच क्लबचा, त्याच्याच वयाचा. त्याची सायकलही उस्तादांची, त्याच वर्षीची, लाल. फरक एवढाच की तो जिंकायचा आणि गेलिंदो दुसरा यायचा, तिसरा यायचा, कधी आठवा. एकदाच पहिला आला, शेजारच्या गावच्या जत्रेत, आणि बक्षीस मिळालेली डुकराची मांडी त्याने खांद्यावर टाकून घरी आणली. मग एका मोठ्या संघाचा माणूस पोरं पारखायला आला. मादोन्नेत्ताच्या चढावर, म्हणजे आमच्या टेकडीवरच्या छोट्या देवीच्या रस्त्यावर, त्याने सगळ्यांना पळवलं. शेवटच्या वळणापर्यंत दोघे बरोबर होते. वळणातून आम्पेलियो एकटा बाहेर आला.

आम्पेलियो व्यावसायिक झाला. दोन वर्षं त्याने मोठ्या खेळाडूंना पाण्याच्या बाटल्या नेऊन दिल्या, परत आला, टायरचं दुकान टाकलं, आणि त्या दोन वर्षांबद्दल आजवर बोलतोय. गेलिंदोने सायकल खिळ्याला टांगली आणि झाइराशी लग्न केलं. वेगात जायला शिकलेला माणूस पुढे जन्मभर अंडी घेऊन हळू हळू गेला. कुठल्या रस्त्यावर कुठला खड्डा हे त्याच्या पायांना माहीत असायचं.

आमच्या गावात प्रत्येक म्हाताऱ्याकडे एक सबब असते. कोणाला पंक्चरने मारलं, कोणाला पंचाने, कोणाला लष्कराच्या बोलावण्याने. गेलिंदोकडे नव्हती. योलेच्या बारमध्ये विषय निघाला की तो पत्ते पिसत म्हणायचा, "सायकल उस्तादांची होती, माझ्या मापाची होती. कमी पडले ते पाय." बस्स. म्हणून तो शांत झोपायचा, असं माझं मत. ज्याच्याकडे सबब नसते त्याला रात्री कोणाशी भांडावं लागत नाही.

तर यंदाच्या वसंतात, टेम्पो मुलीच्या ताब्यात दिल्यावर, त्याने ती सायकल खिळ्यावरून उतरवली. द्राक्षांची तोडणी संपली की आमच्याकडे जुन्या सायकलींची फेरी निघते. लोकरी बनियन, गिअरचे खटके दांड्यावर, आणि शेवटी तोच मादोन्नेत्ताचा चढ. "एकदा चढून येतो," तो म्हणाला. "मग परत टांगतो."

सायकलवर कोंबड्यांनी आपलं काम पिढ्यान् पिढ्या केलेलं. खोगिराचं चामडं सुकवलेल्या माशासारखं कडक. ब्रेकचे रबर हात लावताच पीठ झाले. पण गेलिंदो घाई करणारा माणूसच नव्हे. व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या चंदेरी कागदाने तो एकेक आरा घासायचा, खोगिराला चरबी चोळायचा, निळ्या रंगावरून जुन्या बनियनचा बोळा फिरवायचा. नवा रंग द्यायला साफ नकार. "उस्तादांनी दिलाय तो पुरे."

झाइरा अंगणातून ओरडायची, "माझ्या पाठीला कधी एवढं तेल चोळलं नाहीस!"

"तुझ्या पाठीवर गंज नाही."

"बघितलीस कधी?"

मी रोज तिकडेच. मदत म्हणून नव्हे, मदत मला जमत नाही; पण पिंपावर बसून चुका दाखवणारा एक तरी माणूस लागतोच.

सगळं सुटं झालं, राहिला तो चेनच्या बाजूचा कप. तो काही केल्या सुटेना. तेल सोडून आठवडाभर ठेवला. ज्योतीने शेकला. पाना लावला, पान्याला लांब नळी लावली. आम्पेलियो दुकान बंद करून सल्ला द्यायला आला आणि शेवटी तोही नळीला लोंबकळला. दोन म्हातारे एका नळीला, चेहरे बीटासारखे लाल.

"ढकल!" आम्पेलियो ओरडला. "चढावर संपायचा तसा आत्ताच संपू नकोस!"

"तू बाटल्या वाहायचास, तसा जोर लाव!"

झाइरा सोललेल्या शेंगांचं टोपलं घेऊन दारात आली. थोडा वेळ तिने हा तमाशा पाहिला. मग म्हणाली, "सिलिंडरसारखा उलटा फिरवून बघा की."

आमच्याकडे गॅसच्या सिलिंडरचा नट उलट्या बाजूने सुटतो. तो बदलायचं काम अर्थातच बायकांचं, आम्हाला कुठून सुचणार? आम्पेलियो हसला. "वहिनी, ही सायकल आहे, चूल नाही." गेलिंदो मात्र बायकोचं ऐकणारा. त्याने पाना उलटा लावला, नळीसुद्धा लावली नाही, आणि ढकलला. कप लोण्यातून सुरी फिरावी तसा फिरला.

क्षणभर आम्हाला आनंदच झाला. मग आम्पेलियोचा चेहरा बदलला. काहीही म्हणा, माणसाने चाकांतच जन्म काढलाय.

"उलटे आटे," तो म्हणाला. "आपल्याकडे दोन्ही कप एकाच बाजूला सुटतात. या बाजूला उलटे आटे इंग्रज पाडतात."

"उस्तादांनी मुद्दाम पाडले असतील," गेलिंदो म्हणाला. "सैल होऊ नये म्हणून."

त्याच वेळी माझ्या जिभेने उचल खाल्ली. मला आठवलं ते मी बोलून मोकळा झालो. ही सायकल आली त्या वर्षी लंडनचा एक व्यापारी उस्तादांकडे सायकलच्या सांगाड्यांची मोठी मागणी नोंदवून गेला होता, सगळे तिकडच्या पद्धतीचे, तिकडच्या लोकांच्या मापाचे. आणि मग त्याचं दिवाळं निघालं. न रंगवलेले ते सांगाडे उस्तादांच्या छताला हिवाळाभर लटकत होते. पुढे दिसेनासे झाले.

"म्हणून महिन्यात मिळाली तुला," आम्पेलियो म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, ते जास्त वाईट.

मी कोणाला सांगितलं नाही. फक्त योलेला सांगितलं. संध्याकाळी गेलिंदो बारमध्ये शिरला तेव्हा सगळे उभे राहिले. वाईनच्या छोट्या पेल्याला आमच्याकडे 'सावली' म्हणतात, योलेने वाकून विचारलं, "मिलॉर्ड, सावली घेणार की चहा टाकू?" हसून हसून कोणाचा तरी दात पडायचा बाकी होता. गेलिंदोही हसला. पेला मात्र तसाच ठेवून गेला.

दुसऱ्या दिवशी पाहतो तर तो शेडमध्ये अनवाणी उभा, हातात सुतळी. स्वतःला मापत होता. मग सुतळी सायकलच्या वरच्या दांड्यावर ठेवली.

"चार बोटं," तो म्हणाला. "दांडा चार बोटं लांब आहे, भोंग्या. ही सायकल कुठल्यातरी उंच इंग्रजाची आहे. मी बोक्यासारखा बसायचो ना? मी बसत नव्हतो. मी हँडल गाठत होतो."

यावर विनोद करायला हवा होता. मी मात्र सुतळीचं दुसरं टोक धरून पुन्हा मोजलं. चारच बोटं.

त्यानंतर गेलिंदोला सबब सापडली, आणि माणूस बिघडला. बारमध्ये बसून टेबलावर सांडलेल्या वाईनने ते शेवटचं वळण काढायचा. "इथे मी खोगिरावरून पुढे सरकलो. चार बोटं. इथे दम गेला. आपल्या मापाची असती तर सरकावं लागलं नसतं." पत्त्यांत लक्ष नाही, जेवणात लक्ष नाही. सायकल सुटीच पडून राहिली. जो माणूस आजवर कोणावर रागावला नव्हता, तो मेलेल्या उस्तादांवर रागावला. त्यांच्या थडग्यावरून जाताना टोपी काढायचा, ती काढेना.

एके दुपारी झाइरा अंगणात शेंगा सोलत होती आणि तो तिला पुन्हा तेच वळण समजावत होता. मी कुंपणापाशी होतो, नेहमीसारखा योगायोगाने. ती शेंगांवरून नजर न काढता म्हणाली, "म्हणजे चार बोटं कमी असती तर तू आज इथे नसतास."

"तसं नाही," तो म्हणाला.

पण म्हणायला जरा उशीर झाला. तेवढ्या उशिरात बायको सगळं ऐकते. तिने टोपलं उचललं आणि आत गेली. त्या दिवसापासून ती शेडकडे फिरकली नाही, आणि टोमणेही बंद झाले. त्या घरातून टोमणे ऐकू येईनासे झाले म्हणजे काहीतरी फार बिनसलंय हे कोंबड्यांनाही कळत होतं.

मला ती बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, "भोंग्या, मला वाटायचं मला मिळालेला माणूस स्वतःला नीट मापून माझ्याकडे आला. आता कळतंय, मी त्याचं चुकलेलं वळण आहे. आणि तो कप उलटा फिरवा म्हणून मीच सांगितलं. मला कोणी विचारलं होतं का?"

बारमध्ये मग एकच चर्चा. आणि उपाय कोणाच्याही डोक्यात येईल इतका सोपा होता: आम्पेलियोची लाल सायकल उघडायची. त्याच वर्षीची, त्याच हाताची. तिचे आटेही उलटे निघाले तर आम्पेलियोही परक्या मापाच्या सायकलवर जिंकला, मग गेलिंदोची सबब संपली. सुलटे निघाले, तर गेलिंदोवर अन्याय झाला, तोही कायमचा.

"उघड की," योले म्हणाली.

"कशाला? माझी सायकल माझ्या मापाची आहे. साऱ्या जगाला माहीत आहे."

"मग घाबरतोस कशाला?"

"घाबरतोय कोण?" म्हणत आम्पेलियोने पेला घाईघाईने संपवला. त्याचीही गंमत बघा. उलटे निघाले तर उस्तादांनी त्यालाही दिवाळखोराचा माल गळ्यात मारला. सुलटे निघाले तर त्याच्या सगळ्या विजयांवर चार बोटांचा डाग. सरळ जिंकलो म्हणायला त्याला उलटे आटे हवे होते, आणि उस्तादांचा लाडका म्हणवून घ्यायला सुलटे. आठवडाभर तो बारमध्ये आला नाही. लाल सायकल त्याच्या दुकानाच्या काचेत टांगलेली असते. जाता-येता लोक वाकून तिच्या पोटाकडे बघायला लागले. मीही बघायचो. बाहेरून काही दिसत नाही.

फेरीच्या आदल्या दिवशी, सकाळी, आम्पेलियो लाल सायकल खांद्यावर टाकून गल्लीतून जाताना दिसला. मी हातातला पाव टाकून मागे निघालो. तो थेट गेलिंदोच्या शेडमध्ये.

"घे," आम्पेलियो म्हणाला. "उघड. तुझं तोंड बघवत नाही, आणि लोक माझ्या सायकलच्या पोटाकडे बघतात तेही बघवत नाही. काय निघायचं ते निघू दे."

गेलिंदोने सायकल पकडीत अडकवली. पाना घेतला. मी पिंपावर चढून उभा राहिलो, कोणाचं डोकं मध्ये यायला नको म्हणून. तेवढ्यात दारात सावली पडली. वाईनची नव्हे, खरी. झाइरा. ओले हात एप्रनला पुसत उभी.

गेलिंदोने तिच्याकडे पाहिलं. मग पाना लावण्याआधी, सवयीने असेल, त्याने बोटाने पायडलला टिचकी मारली. पायडल फिरत राहिलं. बराच वेळ. आवाज नाही, अडखळणं नाही, नुसतं फिरत राहिलं. आम्ही चौघेही त्याच्याकडे बघत होतो.

"कुरकुरते?" गेलिंदोने विचारलं.

"नाही," आम्पेलियो म्हणाला.

"डुगडुगते?"

"कधीच नाही."

"मग उघडायची कशाला?"

"अरे, आटे!" मी ओरडलो. "आटे बघायचेत ना!"

"भोंग्या," तो म्हणाला, "प्रत्येक अंडं फोडून आत काय आहे बघत बसलो असतो तर घरी काय घेऊन आलो असतो?" हे तो मला म्हणाला खरं, पण बघत होता दाराकडे.

त्याने लाल सायकल सोडवली आणि आम्पेलियोच्या खांद्यावर परत ठेवली, अंड्यांचा ट्रे ठेवावा तशी. आम्पेलियोने इतका मोठा श्वास सोडला की कोंबड्या दचकल्या. मग गेलिंदोने स्वतःची निळी सायकल पुढे ओढली, तो कप नळीच्या तोंडाला लावला आणि पाना झाइरापुढे धरला.

"मला उलटं जमत नाही. हात आपोआप सवयीच्या बाजूला जातो. तुला येतं."

ती जागची हलली नाही. "उद्या परत कुरकुरायला लागलास तर?"

"सायकल?"

"तू."

"मी कुरकुरलो तर तू आवळ," तो म्हणाला.

तिने पाना घेतला. "सिलिंडरसारखा," ती पुटपुटली, आणि असा आवळला की तिच्या बापाने ठोकलेल्या खिळ्यालाही हेवा वाटावा. "आणि आता त्या खोगिराची चरबी पँटला लागली तर धुवायला मी नाही."

टोमणा ऐकला आणि मी पिंपावरून खाली उतरलो. आता काळजीचं कारण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फेरीला क्लबच्या पोरांनी मला नवा कर्णा दिला. पेठेतल्या दुकानदाराने गेलिंदोला आखूड हँडल बसवून देतो म्हणून सांगितलं होतं, चार बोटांचा हिशेब मिटला असता. त्याने बसवलं नाही. मादोन्नेत्ताच्या शेवटच्या वळणातून तो आला तेव्हा बाकीचे मक्याच्या पिठाचा पोलेंटा खाऊन चेस्टनट सोलत बसले होते. पाठ सपाट, हात पार पुढे, हनुवटी हँडलवर. चढ संपत आला आणि तो खोगिरावरून पुढे सरकला. मला दिसलं. झाइरालाही दिसलं.

मी कर्ण्यात ओरडलो, "आला, बोका आला!" खिडक्या नव्हत्या त्या टेकडीवर. पण झाइराने पोलेंटाच्या पातेल्याचं झाकण उघडलं.

आता सायकल परत खिळ्यावर आहे, आणि रविवारी उतरते. गेलिंदो उस्तादांच्या थडग्याशी टोपी काढतो. पूर्वीइतकी खाली नाही, पण काढतो. माझं मात्र काय? आम्पेलियोच्या काचेतली ती लाल सायकल. हवा भरायच्या निमित्ताने मी आठवड्यातून दोनदा तिथे जातो, आणि माझ्याकडे सायकल नाही हे आम्पेलियोलाही माहीत आहे. वाकून बघतो. कपावर पाना लागल्याचा एकही ओरखडा नाही. मेल्याने घरीसुद्धा उघडून बघितलेली नाही.